मॉन्टेलुकास्टची गोळी: चिठ्ठीवर का येते, कशी घ्यावी आणि कशावर लक्ष ठेवावे

दमा किंवा ॲलर्जीची औषधे लिहिलेल्या चिठ्ठ्यांवर मॉन्टेलुकास्ट हे नाव वारंवार दिसते. कधी ते एकटे असते, कधी लेव्होसेटिरिझिन किंवा फेक्सोफेनाडिन यांच्या जोडीने. गोळी लहान असते, दिवसातून एकदाच घ्यायची असते आणि पंप ओढण्याची कसरत नसते. याच सोयीमुळे ती महिनोन्महिने चालू राहते आणि ती नेमकी कशासाठी चालू आहे हे विचारायचे राहून जाते. माझे मत असे की ही गोळी उपयोगी आहे, पण तिच्या कामाबद्दल लोकांच्या अपेक्षा वाजवीपेक्षा जास्त असतात आणि तिच्या एका दुष्परिणामाबद्दल माहिती फारच कमी. पुढचे सगळे विवेचन या दोन गोष्टींभोवती आहे. डोस ठरवणे, बदलणे हे डॉक्टरांचे काम. त्यांना योग्य प्रश्न विचारता यावेत आणि घरी गोळी नीट घेतली जावी, एवढ्यासाठी हा लेख.

पहिली पायरी: पट्टीवरचे बारीक अक्षर वाचा

ब्रँडची नावे अनेक आहेत, ती लक्षात ठेवण्याची गरज नाही. मोठ्या अक्षरातल्या नावाखाली बारीक अक्षरात औषधाचे मूळ नाव आणि मिलिग्रॅमचा आकडा छापलेला असतो, तो शोधा. तिथे फक्त मॉन्टेलुकास्ट आहे की सोबत आणखी एक नाव आहे, हे पाहा. दुसरे नाव असेल तर ते बहुधा हिस्टामिनविरोधी औषध असते, म्हणजे शिंका, खाज आणि नाक गळणे थांबवणारे.

हे वाचण्याची खटपट का करायची? दम्याचे डॉक्टर नुसती मॉन्टेलुकास्ट देतात, नाक-कान-घशाचे डॉक्टर काही दिवसांनी जोडगोळी (दोन्ही औषधे एकत्र असलेली गोळी) लिहितात, दोन्हींचे ब्रँड वेगळे आणि रंगही वेगळे. रुग्ण दोन निराळी औषधे समजून दोन्ही घेतो आणि मॉन्टेलुकास्टचा डोस नकळत दुप्पट होतो. तसेच जोडगोळी चालू असताना सर्दीसाठी वेगळी सेटिरिझिन घेतली, तर एकाच जातीची दोन औषधे पोटात जातात आणि दिवसभर झापड येते. म्हणून कुठल्याही नव्या डॉक्टरांकडे जाताना चालू औषधांच्या पट्ट्या सोबत न्या. तोंडी सांगितलेल्या नावापेक्षा त्या जास्त भरवशाच्या.

झोपेचे म्हणाल तर मॉन्टेलुकास्टमुळे सहसा गुंगी येत नाही. जोडगोळीत गुंगी येते ती बहुधा लेव्होसेटिरिझिनची. अशी गोळी चालू असताना पहिले काही दिवस वाहन चालवण्याआधी स्वतःचा अंदाज घ्या, आणि मद्य टाळा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण लेव्होसेटिरिझिन मूत्रपिंडावाटे बाहेर पडते आणि तिचा डोस कमी करावा लागतो.

आता आकडा. पंधरा वर्षे आणि त्यापुढच्या वयासाठी नेहमीचा डोस १० मिलिग्रॅमचा, गिळायच्या गोळीचा. ६ ते १४ वर्षांच्या मुलांना ५ मिलिग्रॅमची चघळायची गोळी देतात, तर २ ते ५ वर्षांच्या मुलांना ४ मिलिग्रॅमची चघळायची गोळी किंवा दाणेदार पुडी. त्याहून लहान बाळांना पुडीच दिली जाते आणि ती द्यायची की नाही हे बालरोगतज्ज्ञच ठरवतात. घरात मोठ्यांची गोळी आहे म्हणून तिचे तुकडे करून मुलाला देऊ नका. चघळायच्या गोळीतले औषध आणि गिळायच्या गोळीतले औषध शरीरात सारख्या प्रमाणात शोषले जात नाही, त्यामुळे हा हिशेब सरळ बेरीज-वजाबाकीचा नाही.

चघळायच्या बऱ्याच गोळ्यांमध्ये गोडीसाठी ॲस्पार्टेम असते. फेनिलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्या मुलांसाठी ते घातक ठरते, म्हणून तो आजार असेल तर आधीच सांगायला हवे.

दुसरी पायरी: ती शरीरात काय करते ते समजून घ्या

धूळ, परागकण, प्राण्यांचे केस अशा एखाद्या गोष्टीची ॲलर्जी असलेल्या माणसाच्या श्वासात ती गोष्ट गेली की काही पेशी रसायने सोडू लागतात. हिस्टामिन हे त्यातले सर्वांना ठाऊक असलेले. दुसरा गट ल्युकोट्राइनांचा. ही रसायने श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, आतल्या अस्तराला सूज आणतात आणि कफ वाढवतात. धाप लागणे, छातीत घरघर, रात्रीचा खोकला, चोंदलेले नाक यांत त्यांचा हात असतो.

या रसायनांचा शोध बराच लांबलेला आहे. स्नायू हळूहळू आणि दीर्घकाळ आवळून धरणारे काहीतरी ॲलर्जीच्या वेळी शरीरात तयार होते, हे १९३०च्या दशकाच्या अखेरीस आणि १९४० मध्ये दिसले होते. पण ते नेमके काय, हे कळायला चार दशके गेली. स्वीडनच्या बेंग्ट सॅम्युएलसन यांच्या प्रयोगशाळेने १९७९ मध्ये या रसायनांना ल्युकोट्राइन हे नाव दिले. सॅम्युएलसन १९८२ च्या वैद्यकशास्त्रातील नोबेलचे एक मानकरी होते. ल्युकोट्राइन पेशीवर ज्या ठिकाणी जाऊन बसतात ती जागा आधीच अडवून धरणारे औषध म्हणजे मॉन्टेलुकास्ट. अमेरिकेत त्याला १९९८ मध्ये मान्यता मिळाली.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, ही गोळी स्टिरॉइड नाही. दुसरी, ती दाहाच्या अनेक वाटांपैकी एकच वाट अडवते. पंपातून घेतलेले स्टिरॉइड दाहाच्या कितीतरी वाटा एकदम मंदावते. म्हणूनच दमा नियंत्रणात ठेवण्यासाठी पंपातले स्टिरॉइड हे मुख्य औषध मानले जाते आणि तुलनात्मक अभ्यासांतही ते साधारणपणे मॉन्टेलुकास्टपेक्षा सरस ठरले आहे. ‘पंपाची सवय लागते, त्यापेक्षा गोळी बरी’ असे म्हणून कुणी पंप बंद करून नुसत्या गोळीवर राहत असेल, तर तो जास्त प्रभावी उपाय सोडून कमी प्रभावी उपाय धरतो आहे. पंपाची सवय लागत नाही. दमा हा दीर्घकाळ चालणारा आजार असल्यामुळे औषधही दीर्घकाळ लागते, एवढेच.

तिसरी पायरी: तुम्हाला ती कशासाठी दिली आहे, हे विचारा

मॉन्टेलुकास्ट मुख्यतः तीन कारणांनी लिहिली जाते. एक, रोजच्या दम्यावर नियंत्रण ठेवण्यासाठी, बहुतेकदा पंपाच्या जोडीला. दोन, धावणे-खेळणे अशा श्रमांनी छाती आवळते तिला आळा घालण्यासाठी. तीन, ॲलर्जीच्या सर्दीसाठी.

तिसऱ्या कारणापाशी थोडे थांबायला हवे. अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीएने मार्च २०२० मध्ये या औषधाच्या माहितीपत्रकावर झोप आणि मनःस्थितीवरच्या दुष्परिणामांबद्दल चौकटीतला इशारा छापायला लावला. हा त्यांच्याकडचा सर्वांत कडक इशारा असतो. ॲलर्जीच्या सर्दीसाठी ही गोळी फक्त त्यांनाच द्यावी, ज्यांना इतर औषधांनी पुरेसा उतार पडत नाही किंवा ती औषधे सोसत नाहीत, असे त्यात म्हटले आहे. नुसत्या शिंका आणि नाक चोंदणे असेल तर नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा आणि गुंगी न आणणारे हिस्टामिनविरोधी औषध हे आधीचे पर्याय आहेत, आणि नाक चोंदण्यावर फवाऱ्याचा गुण सहसा जास्त येतो. तेव्हा दमा नसताना, फक्त सर्दीसाठी मॉन्टेलुकास्ट लिहिली असेल तर सरळ विचारा: “माझ्यासाठी फवारा पुरेसा होणार नाही का?” यात डॉक्टरांवर अविश्वास दाखवण्यासारखे काही नाही. त्यांनी गोळी लिहिण्यामागे कारण असेल तर ते सांगतील.

किती दिवस घ्यायची, हेही याच भेटीत विचारून चिठ्ठीवरच लिहून घ्या. ‘पुढच्या भेटीपर्यंत’ या उत्तरात ती पुढची भेट कधी, हे ठरलेले नसेल तर गोळी वर्षभर चालते.

चौथी पायरी: रोजचे घेणे

दम्यासाठी ती संध्याकाळी किंवा रात्री घ्यायची, कारण दम्याचा त्रास रात्री आणि पहाटे बळावतो. फक्त ॲलर्जीच्या सर्दीसाठी असेल तर सोयीची कोणतीही वेळ चालते. दमा आणि सर्दी दोन्ही असतील तर संध्याकाळीच. जेवणाआधी की नंतर, याने फारसा फरक पडत नाही. बरे वाटत असले तरी ठरलेल्या काळात रोज घ्यायची.

एखाद्या दिवशी राहून गेली तर दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी एकच घ्या. भरपाई म्हणून दोन घेऊ नका.

व्यायामामुळे होणाऱ्या त्रासासाठी दिली असेल तर व्यायामाच्या किमान २ तास आधी घ्यायची आणि पुढच्या २४ तासांत पुन्हा नाही. जे आधीच रोज घेत आहेत त्यांनी व्यायामासाठी म्हणून वेगळी गोळी घ्यायची नसते. आणि खेळायला जाताना आराम देणारा पंप, म्हणजे आवळलेल्या श्वासनलिका लगेच मोकळ्या करणारा, खिशात हवाच, गोळी घेतली असली तरी.

पुडीचे नियम जरा काटेकोर आहेत. दाणे थेट जिभेवर टाकता येतात, किंवा चमचाभर थंड वा साध्या तापमानाच्या मऊ अन्नात मिसळून देता येतात. बाळ असेल तर चमचाभर आईच्या दुधात किंवा डब्याच्या दुधात मिसळूनही चालतात. गरम पदार्थात नाही, पाण्यात किंवा रसात विरघळवून नाही. पुडी फोडल्यावर १५ मिनिटांच्या आत पूर्ण डोस पोटात जायला हवा. उरलेले मिश्रण ठेवून देऊ नका. दाणे दिल्यावर वरून पाणी पाजायला हरकत नाही.

इतर औषधांशी तिचे फारसे वाकडे नाही, पण क्षयरोगावरचे रिफॅम्पिसिन आणि अपस्मारावरचे (फिटवरचे) फेनोबार्बिटल यांच्यामुळे तिचे रक्तातले प्रमाण घटू शकते, तर रक्तातली चरबी कमी करणाऱ्या जेमफिब्रोझिलमुळे ते वाढू शकते. यांपैकी काही चालू असेल तर सांगा. ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी ज्यांचा दमा उसळतो, त्यांनी मॉन्टेलुकास्ट चालू असतानाही ती औषधे टाळायचीच आहेत. ही गोळी त्या धोक्यापासून संरक्षण देत नाही. गरोदर असाल, राहण्याचा विचार असेल किंवा बाळाला अंगावर पाजत असाल तर स्वतःहून गोळी सुरू किंवा बंद न करता आधी डॉक्टरांशी बोला. गरोदरपणात बेकाबू दमा हाही बाळाला धोकाच असतो.

पाचवी पायरी: दम लागल्यावर या गोळीकडे हात नेऊ नका

अचानक धाप लागली, छाती आवळली, तर मॉन्टेलुकास्ट कामाची नाही. गिळलेली गोळी रक्तात पुरेशी चढायला ३-४ तास लागतात. झटक्याच्या वेळी डॉक्टरांनी दिलेला आराम देणारा पंपच वापरायचा. तो कुठे ठेवला आहे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असावे.

पूर्ण वाक्य बोलता येत नसेल, ओठ किंवा नखे निळसर दिसत असतील, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, पंप घेऊनही आराम पडत नसेल किंवा पडलेला आराम टिकत नसेल, तर वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठा. आणि झटका नसतानाही आराम देणारा पंप आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागू लागला, तर दम्यावरचे नियंत्रण सुटत चालले आहे असे समजून डॉक्टरांना भेटा. गोळी चालू आहे या समाधानात नेमकी हीच खूण नजरेआड होते.

सहावी पायरी: झोप आणि मनःस्थितीवर नजर ठेवा

चौकटीतला इशारा याबद्दलच आहे. मॉन्टेलुकास्ट घेणाऱ्या काही जणांमध्ये भयंकर स्वप्ने, झोप न लागणे, झोपेत चालणे, चिडचिड, आक्रमकपणा, अस्वस्थता, उदासी, भास, विस्मरण, तोतरेपणा, एकच कृती किंवा विचार पुन्हा पुन्हा येणे आणि क्वचित आत्महत्येचे विचार किंवा कृती अशा तक्रारी नोंदल्या गेल्या आहेत. लहान मुले, किशोरवयीन आणि मोठी माणसे या सर्वांमध्ये. पूर्वी मानसिक आजार असलेल्यांमध्ये आणि नसलेल्यांमध्येही.

घाबरून जावे असे हे आहे का? नाही. गोळी घेणाऱ्या बहुसंख्य लोकांना असे काही होत नाही. एफडीएनेच केलेल्या मोठ्या निरीक्षणात्मक अभ्यासात, पंपातले स्टिरॉइड घेणाऱ्यांच्या तुलनेत मॉन्टेलुकास्ट घेणाऱ्यांमध्ये मानसिक त्रासाचा धोका वाढल्याचे दिसले नव्हते. पण अशा अभ्यासांत मुख्यतः रुग्णालयापर्यंत पोहोचलेले त्रास मोजले जातात. रात्री दचकून उठणारे मूल त्यात कुठेच येत नाही. रुग्णांकडून येणाऱ्या नोंदी थांबल्या नाहीत आणि डॉक्टर-रुग्णांपर्यंत ही माहिती पुरेशी पोहोचत नाही, म्हणून इशारा कडक केला गेला. माझ्या दृष्टीने यातला खरा धोका दुष्परिणामापेक्षा तो ओळखू न येण्यात आहे. चार वर्षांचे मूल ओरडत उठले की ‘दिवसा काहीतरी पाहिले असेल’, चौदा वर्षांची मुलगी घुमी झाली की ‘वयच तसे आहे’, मोठा माणूस तडकू लागला की ‘कामाचा ताण’. कारण हाताशी असते, त्यामुळे गोळीकडे कुणाचे लक्ष जात नाही.

म्हणून गोळी सुरू करण्याआधीच चार ओळी लिहून ठेवा: झोप किती, रात्री किती वेळा जाग येते, स्वप्नांचा त्रास आहे का, स्वभाव एरवी कसा आहे. आधीची स्थिती लिहिलेली नसेल तर नंतर बदल झाला की नाही यावर घरातच वाद होतात. मग पहिले काही आठवडे रोज सकाळी एक साधा प्रश्न: “रात्री झोप कशी लागली?” लहान मूल स्वतःहून ‘मला वाईट स्वप्ने पडतात’ असे म्हणेलच असे नाही, ते झोपायला नको म्हणते, एकटे झोपायला घाबरते, पुन्हा अंथरूण ओले करू लागते. मुलाला सांभाळणाऱ्या प्रत्येकाला, आजी-आजोबांना आणि वर्गशिक्षकांनाही, नवे औषध सुरू झाल्याचे सांगून ठेवा. त्रास पहिल्या आठवड्यातच दिसतो असे नाही, महिन्यांनंतरही दिसू शकतो. कुटुंबात किंवा स्वतःला नैराश्य, चिंता, झोपेचे विकार यांचा इतिहास असेल तर तो गोळी सुरू होण्याआधी सांगायची गोष्ट आहे.

असा बदल दिसला तर गोळी थांबवा आणि लगेच डॉक्टरांशी संपर्क साधा. पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका. पंप मात्र चालूच ठेवायचा. थांबवायची ती फक्त ही गोळी. आत्महत्येचे विचार बोलून दाखवले गेले तर त्या माणसाला एकटे सोडू नका आणि तातडीची वैद्यकीय मदत घ्या. गोळी बंद केल्यावर बहुतेकांचा त्रास ओसरतो, पण काहींमध्ये तो नंतरही टिकल्याच्या किंवा बंद केल्यावरच सुरू झाल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे बंद केल्यावरही काही आठवडे लक्ष ठेवावे लागते.

बाकीचे दुष्परिणाम बहुधा सौम्य: डोकेदुखी, पोटदुखी, जुलाब. अंगावर पित्ताच्या गांधी, चेहरा किंवा घसा सुजणे, कावीळ यांपैकी काही झाले तर ते तातडीचे समजावे. फार क्वचित, विशेषतः तोंडाने घेतलेले स्टिरॉइड कमी करत असताना, हातापायांना मुंग्या किंवा बधिरपणा, अंगावर पुरळ, सायनसचा जोर आणि फ्लूसारखी कणकण असे एकत्र दिसू शकते. तो रक्तवाहिन्यांच्या दाहाचा आजार असू शकतो. तेव्हाही डॉक्टरांना लगेच दाखवा.

सातवी पायरी: गुण येतो आहे का, ते मोजा

दम्यात गुण यायचा असेल तर पहिल्या एक-दोन दिवसांतच सुरुवात होते, पण निकाल लावण्यासाठी साधारण चार आठवडे द्यावेत. वहीत रोज तीनच नोंदी पुरतात: रात्री दम्यामुळे जाग आली का, आराम देणारा पंप किती वेळा लागला, काही काम किंवा खेळ सोडावा लागला का. श्वासाचा जोर मोजणारे पीक-फ्लो मीटर असेल तर रोज ठरलेल्या वेळेचा आकडाही लिहा. याच काळात फवारा बदलणे, नवे औषध जोडणे असे प्रकार शक्यतो नकोत, नाहीतर गुण कशाचा हे कळत नाही.

महिन्याभरात वहीत काहीच फरक दिसत नसेल तर ती वही डॉक्टरांपुढे ठेवा आणि गोळी बंद करण्याविषयी विचारा. ल्युकोट्राइनांचा वाटा प्रत्येकाच्या दम्यात सारखा नसतो, त्यामुळे काहींना ती छान लागू पडते, काहींना अजिबात नाही. लागू न पडणारे औषध चालू ठेवण्यात काहीच अर्थ नाही.

आठवी पायरी: साठवण, तपासणी आणि बंद करणे

गोळ्या मूळ पट्टीतच ठेवा. उजेड आणि दमट हवा त्यांना मानवत नाही. न्हाणीघरातले कपाट ही त्यासाठी वाईट जागा. चघळायच्या गोळ्या गोड असतात, तेव्हा त्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा.

ॲलर्जीसाठी त्वचेवर टोचून करायची तपासणी ठरली असेल तर जोडगोळी चालू असल्याचे आधी सांगा. त्यातले हिस्टामिनविरोधी औषध तपासणीचा निकाल दाबून टाकते, म्हणून ते काही दिवस आधी थांबवायला सांगतात.

मॉन्टेलुकास्टची शरीराला सवय लागत नाही. तरी दमा असेल तर स्वतःहून बंद करू नका, कारण दमा पुन्हा डोके वर काढू शकतो. वर सांगितलेला मनःस्थितीचा बदल हा याला अपवाद. बंद केल्याची तारीख आणि कारण आरोग्याच्या फाइलीत पहिल्या पानावर लिहा. झोपेचा किंवा मनाचा त्रास हे कारण असेल तर ब्रँडचे नाव न लिहिता ‘मॉन्टेलुकास्ट’ असे औषधाचे मूळ नाव लिहा, म्हणजे दोन वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांनी दुसऱ्या ब्रँडची जोडगोळी लिहिली तर ती तिथल्या तिथे ओळखता येईल.